दवाखान्याचे गाऱ्हाणे

दर रविवारी सकाळी घाटकोपरच्या डोंगरावर वसलेल्या भटवाडीतील नवयुवक व्यायामशाळेत वजने भिंतीकडेला सरकत आणि त्यांच्या जागी खुर्च्या मांडल्या जात. मल्लखांबावर डोळे तपासण्याचा तक्ता लटके. ज्या बाकावर एरवी पोरे दंड फुगवण्यासाठी घाम गाळत, त्याच बाकावर म्हाताऱ्या आडव्या होऊन डॉक्टरांना पोट दाखवत. नंबरासाठी चिठ्ठ्या कराव्यात हे कोणाला सुचले नव्हते, म्हणून कबड्डी संघाचे आकडे छापलेले बनियन वाटले जात. आणि त्यामुळे सांधेदुखीने वाकलेली एखादी आजी लुगड्यावर सात नंबरचे बनियन चढवून, चढाईला निघाल्याच्या थाटात आपल्या पाळीची वाट पाहत असे.

हा दवाखाना फुकट होता. ज्यांच्यापाशी विम्याचे कार्ड नाही, कंपनीचा डॉक्टर नाही आणि खासगी दवाखान्याची पायरी चढण्याची छाती नाही अशांसाठी तो होता. म्हणजे जवळजवळ सगळ्या वस्तीसाठी होता. डॉक्टर चेतना ह्याच डोंगरावर वाढलेली मुलगी. सरकारी रुग्णालयातली नोकरी सांभाळून ती रविवारी इथे येई आणि येताना आपल्या एकदोन मित्रांनाही ओढून आणी. तिची आई चंपा औषधे लावून ठेवी. व्यायामशाळेचा उस्ताद लवू खुर्च्या उचली, बनियन वाटी आणि सुई दिसली की तोंड फिरवून उभा राही. चहा-पोह्यांची पाळी गल्ल्यांनी आपापसांत वाटून घेतली होती. आणि ह्या सगळ्यांवर हुकूम चाले तो शेवंतीबाई घाडी यांचा.

शेवंतीबाईंना हे काम कोणी सोपवले नव्हते. पहिल्या रविवारी त्या स्वतःचा गुडघा दाखवायला आल्या, रांगेतली रेटारेटी पाहून उठल्या, पदर खोचून दारात उभ्या राहिल्या आणि आजतागायत उभ्याच होत्या. गुडघा दाखवायचा राहून गेला तो गेलाच.

शेवंतीबाई शेजारपाजाऱ्यांशी मुंबईची मराठी बोलत. पण राग आला किंवा माया दाटली की त्यांच्या तोंडून गावची मालवणीच निघे. दवाखान्यात ती बहुधा रागाने निघत असे.

"ओ दोन नंबर! खय चाललात? चार नंबराच्या मांडयेर बसतलात?"

दोन नंबर मुकाट्याने जागेवर बसे.

"मावशी, जरा हळू," आतून चेतना म्हणे. "मी इथे छातीचे ठोके ऐकतेय, आणि मला तुमचाच आवाज ऐकू येतोय."

"माझो आवाज ऐकान जेचे ठोके वाढणत नाय, तेकाच आजारी समज!"

अशा ह्या बाईंच्या घरातलाच एक माणूस वर्षभरात दवाखान्याच्या उंबऱ्याला शिवला नव्हता, ही गोष्ट त्यांना चपलेत शिरलेल्या खड्यासारखी टोचत होती. तो माणूस म्हणजे त्यांचे धाकटे दीर गुणाजी.

गुणाजी गिरणीत होते तेव्हा त्यांच्यापाशीही कामगारांच्या दवाखान्याचे कार्ड होते. गिरणी गेली, कार्डही गेले. पुढे त्यांनी मुलुंडच्या एका कारखान्यात पहारा केला, मुलगा सुशांत याला हाताशी आणले, आणि आता ते मागच्याच गल्लीत मुलगा आणि सून प्रांजल यांच्याजवळ राहत होते. सुशांत वर्सोव्यापासून देवनारपर्यंत घरोघरी पार्सले पोहोचवी. त्याच्या नोकरीत दुचाकीचा विमा होता, माणसाचा नव्हता. तरीही गुणाजींचे म्हणणे एकच: "फुकटचा औषद लागू पडणा नाय." हे वाक्य ते एखाद्या धर्मवचनासारखे उच्चारत, आणि त्यांच्या तोंडी ते शोभतही असे, कारण ह्या माणसाने जन्मात कोणापुढे हात पसरला नव्हता. शेवंतीबाईंचे यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा डोंगरावर रिक्षा चढत नव्हती, आजही चढत नाही. गुणाजींनी मोठ्या भावाला पाठीवर घेतले आणि रुग्णालयाच्या प्रत्येक फेरीला त्या उभ्या पायऱ्या उतरवून पुन्हा चढवून आणले. "भाव जड नसता, वयनी," एवढेच ते म्हणत आणि चहाचा कपही न घेता निघून जात. ती पावले शेवंतीबाई विसरल्या नव्हत्या.

आणि आता त्याच पावलांचे काहीतरी बिनसले होते.

शिमग्याच्या आधीपासून गुणाजी पांढरे कॅनव्हासचे बूट घालू लागले. जन्मभर चपला फटफटवत हिंडलेला माणूस एकाएकी बूट-मोज्यांत दिसू लागला तेव्हा वस्तीला गंमत वाटली. "तात्या, जुहूला पळायला जाता काय?" अशी चेष्टा झाली. गुणाजी हसले आणि बूट तसेच राहिले. शेवंतीबाई मात्र हसल्या नाहीत. घरात शिरताना ते बूट काढत, पण मोजे काढत नसत, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यातच शिमग्याच्या गाऱ्हाण्याला "घसो बसलो" असे कळवून गुणाजी आलेच नाहीत. आणि त्याच संध्याकाळी क्रिकेटचा सामना पाहताना त्यांची आरोळी मागच्या गल्लीतून थेट शेवंतीबाईंच्या स्वयंपाकघरात पोहोचली.

घाड्यांच्या घरातील पुरुषाने गाऱ्हाणे चुकवणे ही साधी गोष्ट नव्हे. देवापुढे सगळ्यांच्या वतीने उभे राहून मोठ्या आवाजात मागणे मागायचे आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून रुकार द्यायचा, ही कोकणातली रीत ह्या डोंगरावरही पाळली जात होती, आणि तिचा मान गुणाजींचा होता. गेल्या गणपतीत लवू मोजे घालून शेजारी उभा राहिला तर गुणाजींनी गाऱ्हाणे थांबवून त्याला झापले होते: "मोजे काढ! जमनीक पाय लागल्याशिवाय देव ऐकणा नाय."

शेवंतीबाईंनी प्रांजलला विचारले. ती बिचारी कुजबुजली, "काकी, मोजे स्वतः धुतात. मला हात लावू देत नाहीत. आणि घरातली हळद सारखी संपते."

मग शेवंतीबाईंनी एक बेत रचला, आणि त्या बेतातच त्यांची चूक झाली. त्यांनी गुणाजींना जेवायला बोलावले, आणि त्याच पंगतीला चेतनालाही बोलावले. वर्सोव्याहून ताजी सुरमई आणवली, सोलकढी केली, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. गुणाजी खुशीत होते. फक्त नेहमीप्रमाणे पाटावर न बसता त्यांनी खुर्ची मागून घेतली आणि पाय टेबलाखाली ओढून घेतले.

"खा गो बाय," ते चेतनाला आग्रह करत होते. "डागतर झालंस तरी गळ्याची हाडां दिसतत तुझी. आईस जेवूक घालणा नाय काय?"

"आई औषधं मोजण्यात असते हो काका. जेवण झकास आहे पण."

इथवर सारे ठीक होते. पण चेतनाचा चमचा खाली पडला, तो उचलायला ती वाकली, आणि वर आली ती डॉक्टर होऊनच वर आली.

"काका, साखर शेवटची कधी तपासली होती?"

गुणाजींचा हात ताटावरच थांबला. त्यांनी चेतनाकडे पाहिले नाही, वहिनीकडे पाहिले.

"वयनी, माका जेवूक बोलवल्यात काय तपासूक?"

"दोन्ही कामां एकदम झाली तर बिघाडला काय?" शेवंतीबाई म्हणाल्या. हुकूम देण्याची सवय जडलेल्या माणसाला सावरून घेणे जमत नाही, ते असे.

गुणाजींनी ताटाभोवती पाणी फिरवले, हात धुतला, बूट चढवले आणि ते निघून गेले. घाड्यांच्या घरात आजवर कोणी भरल्या ताटावरून उठले नव्हते. अर्धी सुरमई तशीच राहिली.

"त्यांच्या मोज्याला ओल आलीय, मावशी," चेतना हलक्या आवाजात म्हणाली. "अंगठ्याच्या खाली. काही दुखतंय म्हणाले का कधी?"

"उलट म्हणतात, मला काही दुखत नाही."

"तीच तर भीती आहे. साखर वाढली की पायाच्या नसा बधिर होतात. जखम आत खात जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही. आत्ता हाती लागले तर मलमपट्टीवर आणि गोळ्यांवर भागेल. असंच अजून थोडे दिवस गेले, तर बोटं जातील. कदाचित पाऊलसुद्धा."

शेवंतीबाई उठल्या आणि ते उष्टे ताट उचलून आत घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी गुणाजी त्यांच्या दारावरून गेले आणि त्यांनी मान वळवली नाही.

"तू त्याला गळ टाकलास, शेवंते," चंपा म्हणाली. ती औषधांच्या पट्ट्या मुदतीप्रमाणे वेगळ्या करत बसली होती, आणि शेवंतीबाई समोर बसून भलत्याच डब्यात भलत्याच पट्ट्या टाकत होत्या. "आणि ते पण सुरमईचा! मासा गळ तोडून गेला. आता रडून काय?"

"मी रडत नाही."

"मग रक्तदाबाच्या गोळ्या खोकल्यात का टाकतेस? आण इकडे."

चंपा सातारकडून आलेली, बोलण्यात सडेतोड. दोघींची मैत्री नळावरच्या भांडणातून जुळली होती आणि भांडणावरच टिकली होती.

"ऐक," चंपा म्हणाली. "घ्यायचं म्हणजे हात खाली धरावा लागतो. तुझ्या दिराचा हात जन्मभर वर. आता उतारवयात तो खाली कसा येईल? तू कधी त्याला कोणाकडून काही घेताना बघितलंयस?"

शेवंतीबाई आठवू लागल्या. लग्नातला आहेर गुणाजींनी घेतला नव्हता. गिरणीच्या संपात वाटलेले धान्य घेतले नव्हते. ह्या माणसाने घेतले काय? आणि मग डोळ्यांसमोर आला तो नारळ. गाऱ्हाणे संपले की नारळ फोडत, आणि त्याची अर्धी वाटी गाऱ्हाणे घालणाऱ्याची असे. ती वाटी गुणाजी दोन्ही हात पुढे करून घेत, कपाळाला लावत आणि घरी नेत. त्यांना कोणी दिलेले नव्हते ते. तो त्यांचा मान होता.

"चंपे," शेवंतीबाई एकदम उठल्या, "येत्या रविवारी दवाखान्याला वर्ष होतं ना?"

"होतंय. लवू कोणा साहेबांना आणून फीत कापणार म्हणतोय."

"साहेबाची फीत त्याच्याच गळ्यात बांध म्हणावं. गाऱ्हाणं होईल."

चंपाने चष्म्यावरून पाहिले. "हे बघ, मी विहारात जाणारी बाई. मला ते महाराजाबिहाराजा म्हणायला लावायचं नाही."

"मग तू काय म्हणशील?"

"नुसतं होय म्हणेन. दवाखान्याचं भलं होऊ दे म्हटल्यावर होय म्हणायला माझं काय जातंय? पण शेवंते, ह्या वेळी गळ नको हां. पाणी स्वच्छ ठेव."

शेवंतीबाईंनी पाणी स्वच्छ ठेवले. तबकात नारळ आणि पानाचा विडा घेऊन, दुखऱ्या गुडघ्याला दटावत त्या मागच्या गल्लीतल्या पायऱ्या चढल्या आणि गुणाजींच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. गुणाजी दूरदर्शनसंच पाहत होते. वहिनींना पाहताच त्यांनी आवाज वाढवला.

शेवंतीबाईंचा आवाज कोणत्याही संचाला हार जाणारा नव्हता.

"भावजी! दवाखान्याक वरीस होता. आयतवारी गाऱ्हाणा घालूचा आसा. मान तुमचो, म्हणान नारळ घेवन इलंय."

"माझो घसो बसलेलो आसा," गुणाजी पडद्याकडे पाहत म्हणाले.

"बसलेलो आसा तर ह्या आत्ता कोण बोलल्यान?"

आत प्रांजलच्या हातातले भांडे घसरले आणि पाठोपाठ दाबलेले हसू ऐकू आले.

"वयनी, ह्यो पण तुमचो डाव."

"डाव त्या दिसाक केलंय. ती माझी चूक. जेवच्या ताटार माणसाक गाठूचा नसता." हे वाक्य उच्चारायला शेवंतीबाईंना पायऱ्या चढण्यापेक्षा जास्त कष्ट पडले. "म्हणान आज सगळा आधीच सांगतंय. गाऱ्हाण्याक पाय उघडे लागतत, ह्या तुमीच लवूक शिकवलात. थय तुमचे पाय सगळे बघतले. ती पोरगी पण बघतली. दाखवूचे नसले तर येव नका. दुसरो कोणतरी घालीत."

"दुसरो कोण?"

"लवू म्हणता, मी पाठ करतंय."

गुणाजींनी संचाचा आवाज बंद केला. "लवू? वयनी, तो म्हाराजाच्या जाग्यार साहेब म्हणात!"

"म्हणांदे. देव समजान घेयत." शेवंतीबाईंनी नारळ फळीवर ठेवला आणि त्या मागे न पाहता पायऱ्या उतरू लागल्या. गुणाजींनी हो म्हटले नव्हते; पण नारळ परत न्या, असेही म्हटले नव्हते. गल्लीच्या वळणावर त्या क्षणभर भिंतीला टेकल्या. पाय वाचायचा तर त्या एका नारळावर वाचणार होता, आणि पुढचे काही त्यांच्या हातात नव्हते. असा अनुभव त्यांना फारसा नव्हता आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही.

रविवार उजाडला. व्यायामशाळेच्या दारात रांगोळी पडली, कोनाड्यातल्या मारुतीला रुईची माळ पडली, लवूने अंगाला गच्च बसणारा नवा शर्ट घातला. पोह्यांवर खोबरे जास्त पडले होते, कारण सण होता. कबड्डीचे सारे खेळाडू आपापले गुडघे, छात्या आणि खोकले घेऊन खुर्च्यांवर बसले होते. चेतनाने मल्लखांबाच्या आडोशाला मलमपट्टीचे सामान झाकून ठेवले होते. सगळे होते. गुणाजी नव्हते.

"येईल," चंपा म्हणाली.

"मी काही विचारलं?" शेवंतीबाई म्हणाल्या. त्यांची नजर पायऱ्यांवरून हलत नव्हती.

वेळ जाऊ लागला तसा लवू घाम पुसत पुढे आला. "मावशी, सुरू करू काय? माझं पाठ झालंय. बा देवा साहेब..."

"लवू, गप बस!"

लवू गप्प बसला, आणि त्याच शांततेत पायऱ्यांवर पावले वाजली. गुणाजी येत होते. इस्त्रीचा पांढरा लेंगा-सदरा, डोक्यावर काळी टोपी, हातात शेवंतीबाईंनी ठेवलेला नारळ, आणि पायांत ते कॅनव्हासचे बूट. सुशांत मागून हात धरायला धावत होता आणि ते त्याचा हात झटकत होते.

उंबऱ्याशी येऊन ते थांबले. सगळी व्यायामशाळा त्यांच्या पायांकडे पाहू लागली. शेवंतीबाईंच्या जिभेवर एक हुकूम येऊन बसला होता. त्यांनी तो गिळला. वस्तीने त्यांना हुकूम गिळताना पूर्वी कधी पाहिले नव्हते.

गुणाजींनी नारळ वहिनींच्या हाती दिला आणि ते दाराजवळच्या बाकावर टेकले. एका बुटाची नाडी सोडली. मग दुसऱ्या बुटाची. डावा मोजा सहज निघाला. उजव्याशी हात रेंगाळला. मग ओठ घट्ट मिटून त्यांनी तोही ओढून काढला, त्याची नीट घडी घातली आणि तो बुटात ठेवला. पाऊल हळदीने पिवळे झाले होते, अंगठा सुजला होता आणि त्याच्या खाली जखम होती. कोणीतरी "अगं आई गं" म्हटले आणि लवू लगबगीने भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चेतनाने पाऊल पुढे टाकले तोच शेवंतीबाईंनी तिचे मनगट धरले.

"थांब. आधी गाऱ्हाणा."

चेतनाने खाली पाहिले, चटकन मलमपट्टीच्या सामानातले एक स्वच्छ कापड घेतले, आणि न बोलता ते मारुतीच्या कोनाड्यापुढे जमिनीवर अंथरले. गुणाजी त्या कापडावर उघड्या पायांनी उभे राहिले. हात जोडले, डोळे मिटले, आणि बसला म्हणून सांगितलेला घसा असा उघडला की खालच्या रिक्षातळावर चालकांनी माना वर केल्या.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या लेकरांनी ह्या डोंगरार दवाखानो मांडलेलो आसा, तेका वरीस झाला, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण ह्या उंबऱ्यात रडत येयत, तो हसत घराक जावंदे!"

"व्हय म्हाराजा!" प्रत्येक वेळी सगळ्यांच्या अर्धा क्षण आधी चंपाचे खणखणीत "होय!" एकटेच पुढे जात होते.

"जेका डागतर परवडणा नाय, तेका हय मायेचो हात गावांदे! ह्या पोरीच्या हाताक येस दी! ह्या लवूक सुई बघूचा धैर्य दी!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी लवूचा आवाज सर्वांत मोठा होता, तोंड मात्र अजून भिंतीकडे होते.

गुणाजी आता रंगात आले होते. गाऱ्हाणे घालणारा माणूस स्वतःचा राहत नाही. तो सगळ्यांचा होतो आणि सगळ्यांना जे हवे ते त्याच्या तोंडून आपोआप येते. "आणि म्हाराजा, जो कोण हय येवक लाजता, फुकटचा म्हणान मागे फिरता, तेच्या मनातली लाज काढून टाक!"

"व्हय म्हाराजा!"

आणि गुणाजी थांबले. आपणच काय मागितले हे त्यांच्या कानांवर आत्ता पडले होते. त्यांनी डोळे उघडले, खाली आपल्या पिवळ्या पावलाकडे पाहिले. पुढचे शब्द येईनात. रीत अशी की गाऱ्हाण्यात बाईमाणसाने मध्ये बोलायचे नसते. पण रीत कुठे पाळायची आणि कुठे वाकवायची हे ज्यांना कळते त्यांच्याच हाती ती शोभते. शेवंतीबाई नारळ छातीशी धरून पुढे झाल्या.

"आणि म्हाराजा," त्यांनी आपला सगळा आवाज लावला, "ती लाज काढूची सुरवात गाऱ्हाणा घालणाऱ्यापासून कर!"

आधी एकटी चंपा म्हणाली, "होय!" आणि तिच्यामागून खुर्च्या, बाक, उंबरा, पायऱ्यांवर उभी असलेली माणसे, सारे एकदम गरजले:

"व्हय म्हाराजा!"

ते हसत होते आणि म्हणत होते. गुणाजींनी वहिनींकडे पाहिले. रागवावे की काय हे त्यांचे ठरेना. मिशी थरथरली, आणि ते हसले.

"वयनी, ह्या गाऱ्हाण्यात नव्हता."

"आता आसा. सगळ्यांनी व्हय म्हटल्यानी. बघा मोडून, हिंमत आसा तर."

सगळ्यांनी रुकार दिलेले गाऱ्हाणे मोडणारा घाडी अजून जन्मायचा होता. गुणाजी बाकावर बसले आणि त्यांनी पाय पुढे केला. चेतना खाली बसून जखम धुऊ लागली तेव्हा त्यांनी तिला बजावले, "कर गो बाय. पण ह्या फुकट म्हणू नको."

चेतनाने मान वर केली नाही. "काका, नारळ फोडल्यावर अर्धी वाटी कोणाची?"

"गाऱ्हाणा घालणाऱ्याची."

"ती काय फुकट असते?"

"फुकट कशी? तो मान!"

"मग ही मलमपट्टी त्या वाटीबरोबरच धरा."

गुणाजींनी बराच विचार केला. "ह्या बराबर लागता," ते शेवटी म्हणाले, आणि भिंतीकडे पाहून ओरडले, "उस्ताद, वळा आता! देवाकडे तुमच्यासाठी धैर्य मागलंय, ता वापरा!" लवू वळला, त्याने जखमेकडे पाहिले, आणि आपला भरदार देह घेऊन तो हळूच खाली बसला. त्याला पोह्यांची बशी देऊन सावरावे लागले.

चेतनाने दुसऱ्याच दिवशी गुणाजींना आपल्या रुग्णालयात नेऊन पायाचा फोटो काढवला. जखम हाडापर्यंत गेली नव्हती. पुढे कितीतरी दिवस मलमपट्टी चालली. गोळ्या, पथ्य, साखरेची मोजणी, सगळे आले. हळद स्वयंपाकात परतली. प्रांजलने गोडाचे डबे वर ठेवून दिले आणि गुणाजींनी शिडी लावून ते शोधले, त्यावरून वहिनींची बोलणी खाल्ली. पण पावसाळा तोंडावर आला तेव्हा जखम भरून आली होती. पाचही बोटे जागच्या जागी होती. कॅनव्हासचे बूट सुशांतने टाकून दिले आणि मऊ तळाच्या चपला आणल्या.

आता रविवारी व्यायामशाळेच्या दारात गुणाजीही बसतात. सदऱ्यावर एक नंबरचे बनियन असते, ते दुसऱ्या कोणालाही मिळत नाही. परवाच वरच्या गल्लीतली कुंदा, घरोघरी पोळ्या लाटणारी आणि मानी, उंबऱ्यावरूनच म्हणाली, "मला फुकटचं नको, मी फक्त बघायला आले."

"आम्ही पण तुका बघूकच बसलेलो आसव," गुणाजी म्हणाले. "चपला काढ. आत जा."

ती आत गेली, आणि गुणाजींनी समाधानाने आळस दिला. मग त्यांची नजर वहिनींकडे वळली. शेवंतीबाई दाराच्या चौकटीला टेकून, एका पायावर भार टाकून उभ्या होत्या. दुसरा गुडघा त्यांनी हळूच वाकवून घेतला होता, कोणाला दिसू नये अशा बेताने. गुणाजींना दिसला.

ते उठले. मारुतीच्या कोनाड्यासमोर गेले, चपला काढल्या, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

रांग दचकली, पण सवयीने उत्तरली, "व्हय म्हाराजा!"

"भावजी, आज कसला गाऱ्हाणा? आज काय सण?" शेवंतीबाईंनी दरडावले.

"हय दारात वरीसभर एक गुडघो उभो आसा, म्हाराजा! सगळ्यांका रांगेत बसयता आणि आपण बसणा नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"भावजी! बंद करा!"

"तो गुडघो आज, आत्ता, चेतना डागतराच्या समोर बसांदे!"

औषधांच्या टेबलामागून चंपा उभी राहिली, तिने चष्मा सारखा केला, आणि सगळ्यांच्या आधी, छाती भरून म्हणाली, "होय!"

बाकीचे "व्हय म्हाराजा!" छतापर्यंत गेले. लवू पळत आला आणि त्याने दोन्ही हातांवर, अदबीने घडी घातलेले सात नंबरचे बनियन शेवंतीबाईंपुढे धरले. शेवंतीबाईंनी बनियनकडे पाहिले, दिराकडे पाहिले, हसणाऱ्या रांगेकडे पाहिले. मग मान ताठ ठेवून त्यांनी ते लुगड्यावर चढवले आणि त्या खुर्चीकडे निघाल्या.

"पण दारात कोण?" अर्ध्या वाटेत थांबून त्यांनी विचारले.

"ओ दोन नंबर!" दारातून गुणाजींचा आवाज कडाडला. "खय चाललात?"

शेवंतीबाई निश्चिंत मनाने खाली बसल्या.